सिनेमा दाखवणं आणि सिनेमा बघणं



आठ मार्च जवळ आला की गावोगावच्या गटांच्या कार्यक्रमपत्रिका आमच्याकडे येऊ लागतात. गाणी, पथनाट्य, पोस्टर प्रदर्शन, एखादीचं व्याख्यान, आणि यांच्या आगेमागे एक ओळ हमखास असते: 'चित्रपट व चर्चा'. कोणता चित्रपट हे पुष्कळदा लिहिलेलं नसतं. विषय मात्र लिहिलेला असतो. हुंड्यावरचा चित्रपट, दारूबंदीवरचा चित्रपट, मुलींच्या शिक्षणावरचा चित्रपट. सिनेमा म्हणजे जणू आपल्या पोस्टरचीच हलणारी-बोलणारी मोठी बहीण! प्रत्यक्षात काय होतं तेही आपल्याला ठाऊक आहे. वेळ कमी असतो म्हणून मधले प्रसंग पुढे सरकवले जातात. 'समाप्त'ची पाटी येते न येते तोच दिवे लागतात आणि माईक हातात घेतलेली कार्यकर्ती विचारते, "तर मग यातून आपण काय शिकलो?"

हा प्रश्न चुकीचा नाही. चळवळीला माणसं जोडायची असतात, विषय पुढे न्यायचा असतो. पण हा एकच प्रश्न विचारत राहिलो तर सिनेमातली गोष्ट तेवढी आपल्या हाती लागते आणि सिनेमा निसटून जातो. गोष्ट तर चार ओळींत सांगता येते, त्यासाठी अंधारात दोन तास बसायचं कारण काय? ती गोष्ट कुठे उभं राहून दाखवली, काय किती वेळ दाखवलं, काय ऐकवलं, काय झाकून ठेवलं, हे सगळं मिळून सिनेमा होतो. याला कलेचा रसास्वाद म्हणतात, आणि तो शब्द ऐकला की आपल्यापैकी अनेकजणींना वाटतं, हे रिकामटेकड्यांचं काम. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. बाईकडे बघायचं कसं, हा आपल्या चळवळीचा मूळ प्रश्न आहे, आणि सिनेमा ही तर बघण्याचीच कला आहे. तेव्हा ती समजून घेणं हे आपलंच काम आहे.

एक उदाहरण आपल्या चळवळीच्या इतिहासातलंच घेऊ. मथुरा खटल्याच्या निकालाविरुद्ध १९८० साली देशभरातल्या स्त्रिया रस्त्यावर आल्या. बलात्कारविरोधी चळवळ उभी राहिली, आणि पुढे १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. त्याच १९८० साली बी. आर. चोप्रांचा 'इन्साफ का तराजू' पडद्यावर आला. विषय बलात्काराचा. न्यायालयात बाईलाच कसं आरोपी ठरवलं जातं हे त्यात होतं, अन्यायाविरुद्ध उठणारी नायिका होती, शेवटी गुन्हेगाराला शिक्षाही होती. संदेशाच्या मोजपट्टीवर हा चित्रपट पैकीच्या पैकी गुण मिळवील. तरीही अनेक स्त्री संघटनांनी त्यावर कडाडून टीका केली. कारण अत्याचाराची दृश्यं ज्या तऱ्हेनं, जितका वेळ चित्रित केली होती, त्यात कॅमेरा त्या बाईच्या बाजूनं उभाच नव्हता. संवाद बाईची बाजू घेत होते आणि कॅमेरा थिएटरातल्या पुरुषांची करमणूक करत होता. त्या बायका नुसती गोष्ट ऐकून आल्या असत्या तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. त्यांनी सिनेमा नीट बघितला म्हणून त्यांना राग आला.

लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९७५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. हॉलिवूडच्या चित्रपटांत बघणारा पुरुष आणि बघितली जाणारी बाई अशी वाटणी कशी कॅमेऱ्यातच होऊन जाते, हे त्यांनी त्यात मांडलं. जगभरच्या स्त्रीवाद्यांनी त्यावर पुढे वाद घातले, भर घातली. पण मूळ मुद्दा समजायला इंग्रजी निबंध वाचायलाच हवा असं नाही. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या कुठल्याही मुलीला नजर म्हणजे काय ते समजतं. ती नजर पडद्यावर ओळखायची सवय तेवढी आपल्याला करायची आहे.

कायदा इथे फार पुढे येत नाही. स्त्रियांच्या असभ्य प्रदर्शनाला बंदी घालणारा कायदा १९८६ साली आला, आणि पोस्टरांना काळं फासणाऱ्या आपल्या आंदोलनांची त्याला पार्श्वभूमी होती. तो कायदा शरीर कसं दाखवलं ते पाहतो. पण ज्या सिनेमात पदर तसूभरही ढळत नाही, त्याचं काय? १९९१ साली 'माहेरची साडी'नं महाराष्ट्रात अफाट धंदा केला. मुळात हा 'बाई चाली सासरिये' या राजस्थानी चित्रपटावरून बेतलेला. बायका गटागटानं, टेम्पो करकरून गेल्या आणि पदर ओला करून आल्या. त्या रडण्याला हसणं सोपं आहे, आणि ते मला मुळीच मान्य नाही. सासरी जे सोसलं त्यासाठी रडायला बाईला हक्काची जागा कुठे होती? थिएटरातल्या अंधारानं ती दिली. आपण विचारायचं ते वेगळंच. या सिनेमात सोसणारी बाई इतकी सुंदर, इतकी मंगल का दिसते? तिच्या डोळ्यांतल्या पाण्यावर कॅमेरा इतका का रेंगाळतो? तिला राग आला असता तर त्या रागावर तो असाच रेंगाळला असता का? हे प्रश्न विचारू लागलो की आपलं रडणं खोटं ठरत नाही. ते कुणी, कशासाठी आणि कसं घडवून आणलं, ते समजतं.

चांगला सिनेमा हेच उलट्या बाजूनं शिकवतो. आपल्या मराठीतच १९३७ साली प्रभातनं 'कुंकू' काढला. हिंदीत तो 'दुनिया न माने' म्हणून गेला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरची. मामानं म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपट्यांनी ती ज्या ठसक्यानं उभी केली आहे तो आजही थक्क करतो. म्हाताऱ्याच्या समाजसेविका मुलीचं काम केलं होतं शकुंतला परांजपे यांनी. र. धों. कर्व्यांच्या बरोबरीनं संततिनियमनाचं काम करणाऱ्या त्याच ह्या शकुंतलाबाई. इथवरचा इतिहास आपण अभिमानानं सांगतो. पण 'कुंकू' थोर आहे तो एवढ्यामुळेच नाही. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरात, रस्त्यावर जे आवाज असतील तेवढेच कानावर येतात. एका मुलीची फसवणूक होते आहे आणि व्हायोलिन रडत नाही, त्यामुळे घरातली शांतता आपल्याला बोचते. भिंतीवरचं जुनं घड्याळ म्हाताऱ्याच्या वयाचे ठोके देत राहतं. आरसा त्याला त्याचा चेहरा दाखवतो. 'जरठकुमारी विवाह अन्यायकारक आहे' हे वाक्य त्या काळी शेकडो भाषणांत ऐकू येत होतं. त्या घरात राहण्याचा अनुभव मात्र भाषणातून येत नाही. तो या घड्याळातून आणि त्या शांततेतून येतो.

आवाजाचंच आणखी एक उदाहरण, १९५५ च्या 'पथेर पांचाली'मधलं. सत्यजित राय यांच्या या चित्रपटात कामासाठी बाहेरगावी गेलेला हरिहर पुष्कळ महिन्यांनी घरी परततो. येताना आणलेल्या वस्तू तो बायकोपुढे एकेक करून ठेवतो. मुलीसाठी, दुर्गासाठी, साडी आणलेली असते. दुर्गा मेली आहे हे त्याला माहीत नाही. सर्वजया ती साडी हातात घेते आणि इतके दिवस आवरून धरलेला तिचा बांध फुटतो. तोंड उघडतं, पण रडणं आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी रविशंकरांच्या संगीतातला तारशहनाईचा एक टिपेचा स्वर येतो. असं का केलं असेल? प्रत्येकीचं उत्तर वेगळं येईल. मला वाटतं, आईचा खरा आक्रोश ऐकवला असता तर तो त्या एका आईचा राहिला असता. तो काढून घेतल्यामुळे प्रत्येकीला आपला आवाज तिथे ठेवता येतो. या प्रसंगात गरिबीवर एक शब्द कुणी उच्चारत नाही. तरी गरीब घरात मुलीचं आजारपण म्हणजे काय, हे त्यानंतर आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता घरकामाकडे येते. घरकामाला मोल नाही, ते दिसत नाही, हे आपण गेली कित्येक वर्षं शिबिरांमधून सांगत आलो. चोवीस तासांचं घड्याळ काढून त्यात बाईची कामं भरायला लावतो. शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेनं वयाच्या पंचविशीत, १९७५ साली, नेमकी हीच गोष्ट पडद्यावर केली. तिच्या 'झान डिल्मान' या चित्रपटात एका विधवा आईचे तीन दिवस आहेत. कॅमेरा एका जागी उभा. बाई बटाटे सोलते, आपण बटाटे सोलताना बघतो. ती भांडी घासते, तेही आपण बघतो. दुपारी ती घरी येणाऱ्या पुरुषाकडून पैसे घेऊन शरीरविक्रय करते. तेही तिच्या दिवसातलं एक काम. इतर सिनेमे जे दोन सेकंदांत उरकतात त्याला हा सिनेमा त्याचा पूर्ण वेळ देतो. लांबी तीन तास एकवीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि तेवढ्यानं आपल्या छातीत धस्स होतं, कारण एव्हाना तिची शिस्त आपल्या अंगात भिनलेली असते. ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकानं २०२२ मध्ये जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, त्यात हा सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरला. दर दहा वर्षांनी होणाऱ्या या निवडीत पहिल्या क्रमांकावर बाईचा चित्रपट त्यापूर्वी कधीच आला नव्हता.

आपल्या जवळचं उदाहरण जिओ बेबी यांच्या २०२१ च्या 'द ग्रेट इंडियन किचन' या मल्याळम चित्रपटाचं. आमच्या गटानं तो वस्तीतल्या समाजमंदिरात लावला. खालची अक्षरं इंग्रजीत, म्हणून एक कार्यकर्ती मधूनमधून मराठीत संवाद सांगत होती. दहा-पंधरा मिनिटांत बायकांनी तिला गप्प केलं, "राहू दे गं ताई, कळतंय आम्हाला." ओटा, विळी, चूल, उष्टं काढणं, गळणारं सिंक आणि त्याखालची बादली, पुन्हा ओटा. संपल्यावर मी 'काय शिकलात' असं विचारलं नाही. विचारलं, "काय काय ऐकू आलं?" आणि सभागृहच बोलू लागलं. फोडणीचा चुरका, भांड्यांचा आवाज, झाडूची खरखर. "यात गाणं-बजावणं का नाही?" असं एकीनं विचारलं, तर दुसरी म्हणाली, "तुझ्या ओट्याशी कुठं बँड वाजतो?" चार घरची धुणीभांडी करणारी एक मावशी म्हणाली, "तो नळवाला काही आला नाही बघा. बायको सांगून सांगून थकली." सबंध सिनेमा त्या गळक्या नळावर कसा उभा आहे, हे त्या मावशींनी एका वाक्यात सांगितलं. समीक्षा म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

त्याच दिवशी एक आजी मात्र वैतागून म्हणाल्या, "दिवसभर हेच करायचं, आणि संध्याकाळी पडद्यावरही हेच बघायचं? आम्हाला एखादा गाण्याचा पिक्चर दाखवा की!" आजींचं म्हणणं मी मनापासून मानते. करमणूक ही बाईच्या वाट्याला चोरूनमारून आलेली गोष्ट. एकेकाळी निदान 'फक्त महिलांसाठी' खास खेळ असायचे. आता गावातली जुनी थिएटरं बंद पडली, मल्टिप्लेक्सचं तिकीट परवडत नाही, आणि सगळं झाकपाक झाल्यावर बाई रात्री एकटीच मोबाइलच्या वितीएवढ्या पडद्यावर काहीतरी बघते. शेजारी कुणी हसायला नाही, रडायला नाही. म्हणून एकत्र बसून बघणं हेच आता ठरवून करावं लागतं. गाण्याचा सिनेमा जरूर लावू. रसास्वाद म्हणजे गंभीर आणि संथ तेवढंच बघायचं असं व्रत नव्हे. गाण्याचं चित्रीकरण कसं केलंय, नाचणारीला कॅमेरा कुठून बघतोय, हेही आपण आजींबरोबर हसत-खेळत बघू शकतो.

आजींचा आक्षेप मला आवडतो, तो हक्काचा आहे. दुसरा एक आक्षेप आहे तो मात्र मला मान्य नाही. "आपल्या बायकांना असलं काही कळणार नाही." हे वाक्य बहुधा शिकलेल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी असतं. त्याचंच छापील रूप अर्जांमध्ये दिसतं. एका देणगीदार संस्थेच्या अहवालाच्या नमुन्यात 'किती महिलांपर्यंत संदेश पोहोचला' असा रकाना होता. 'किती महिलांना काय दिसलं' असा रकाना कुठेच नव्हता. कष्टकरी बाईला संदेश द्यायचा आणि सौंदर्य मात्र आपण शहरातल्या फिल्म क्लबात जाऊन बघायचं, ही वाटणी कुणी केली? भाकरीचा हक्क मागताना गुलाबाचाही मागायचा, असं आपण घोषणांमध्ये म्हणतो. मग कार्यक्रम आखताना तो गुलाब का विसरतो?

ही वाटणी मोडणारी एक बाई आपल्यातच होऊन गेली. सुमित्रा भावे या मूळच्या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या. पुण्याच्या कर्वे समाज सेवा संस्थेत त्या शिकवत. गरीब वस्त्यांतल्या स्त्रियांच्या आयुष्यांचा अभ्यास करताना त्यांना प्रश्न पडला, की हे संशोधन ज्यांच्याविषयी आहे त्या बायकांपर्यंत ते पोहोचणार कसं? अहवाल तर त्या वाचणार नाहीत. त्यातून १९८५ साली 'बाई' हा लघुपट झाला, त्यापाठोपाठ १९८७ मध्ये 'पाणी'. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पुढे सुनील सुकथनकरांबरोबर त्यांनी 'दोघी'पासून कितीतरी चित्रपट केले, आणि २०२१ मध्ये त्या गेल्या. मी समाजकार्याची पदवी घेतलेली बाई. आमच्या अभ्यासक्रमात 'दृक्श्राव्य साधने' असा एक धडा असे. त्यात सिनेमा हा तक्ता आणि कळसूत्री बाहुल्यांच्या शेजारी बसवलेला. सुमित्राबाईंनी सिनेमाला साधन म्हणून हात घातला असेलही, पण लवकरच त्या कलेच्या अटी त्यांनी मान्य केल्या. बाईच्या आयुष्याविषयी खरं बोलायचं तर ते चांगलं दाखवताही आलं पाहिजे, ही ती अट. त्यामुळेच त्यांचे सिनेमे आज विषय जुने झाले तरी जुने होत नाहीत.

आता करायचं काय, असं तुम्ही विचाराल. काही साध्या गोष्टी सुचवते. चित्रपट निवडताना कार्यकर्तीनं तो आधी पूर्ण बघावा. विषयाच्या यादीवरून निवडू नये. मधे थांबवू नये, पुढे सरकवू नये. वेळ कमी असेल तर लघुपट घ्यावा. संपल्यावर लगेच दिवे न लावता दोन मिनिटं तसंच बसू द्यावं. मग पहिले प्रश्न साधेच असावेत. कोणतं दृश्य डोळ्यांपुढून जात नाही? काय ऐकू आलं? ही गोष्ट कुणाच्या नजरेतून दिसली, आणि कुणाच्या नजरेतून दिसायला हवी होती? कोणती बाई पूर्ण वेळ घरात होती पण दिसलीच नाही? जमलं तर पाच मिनिटांचा एक प्रसंग पुन्हा लावावा, आणि एकदा आवाज बंद करून. काय बदलतं ते बायकाच सांगतील. 'यातून काय शिकलो' हा प्रश्न मग विचारावासुद्धा लागत नाही. मावशींच्या नळासारखा तो आपोआप येतो.

हे सगळं शून्यातून उभं करायचं नाही. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज १९५९ साली स्थापन झाली, आणि आपल्या देशातली फिल्म सोसायट्यांची चळवळ तर त्याच्याही आधीची आहे. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासूनचं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर सरांनी 'पथेर पांचाली' एकेक दृश्य उलगडून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला, आणि तिथले रसास्वादाचे वर्ग सर्वसामान्य प्रेक्षकांसाठीही झाले. या मंडळींकडे चित्रपट आहेत, जाण आहे. आपल्याकडे मावशी आणि आजी आहेत. दोन्ही चळवळी एकाच शहरात राहून एकमेकींच्या दारात फारशा गेल्या नाहीत. जवळच्या फिल्म क्लबला एकदा वस्तीत बोलवा. त्यांनाही काही नवीन दिसेल.

टीव्हीवरच्या मालिका, जाहिराती, मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या फिती, सगळीकडून आज बाईचं चित्र आपल्या अंगावर येतं आहे. प्रत्येकाविरुद्ध मोर्चा काढता येणार नाही, प्रत्येकावर बंदी मागता येणार नाही, आणि बंदी मागणं नेहमीच शहाणपणाचं असतं असंही नाही. पण बघता येणारी बाई तयार करता येते. तिला फसवणं अवघड असतं, आणि खरोखर सुंदर काही समोर आलं तर त्याचा आनंदही तिलाच सर्वांत जास्त होतो.

तुमच्या गटानं काय बघितलं, कुठल्या दृश्यावर बायका अडल्या, कशावर भांडल्या, ते आम्हाला लिहून कळवा. विषय काय होता ते शेवटी लिहिलंत तरी चालेल.